वॅगन जड, गिअर ऑटोमॅटिक. मग टर्बो कुठला?

प्रश्न: माझ्याकडे निसान स्टेजिया आहे. १९९९ची आरएस फोर, निओ आरबी२५डीईटी इंजिन, चार गिअरांची ऑटोमॅटिक. घरात गाडी ही एकच. आठवडाभर मुलं आणि सामान, सुट्टीत लांबचे प्रवास. माझा एक मित्र त्याच्या आर३३ स्कायलाइनवरचा जीटी३५८२आर टर्बो काढतोय आणि मला जवळजवळ फुकटच देतोय. त्याची मॅन्युअल गाडी त्या टर्बोवर वेड्यासारखी पळते. दुसरा पर्याय म्हणजे मूळचा टर्बो हाय-फ्लो, म्हणजे जास्त हवा देईल असा, करून घेणं. तिसरा, नवा जीटी३०७६आर. मला ४०० अश्वशक्ती हवी आहे, पण ओव्हरटेक करताना तीन हजारांपासून ओढही हवी. गिअरबॉक्स मूळचाच आहे, त्याला आजवर कुणी हात लावलेला नाही. मेहुणा म्हणतो, ऑटोमॅटिकवर पैसा घालूच नकोस, आधी मॅन्युअल करून घे. काय करू?
– स्टेजियावाला

उत्तर:

नमस्कार स्टेजियावाले,

आधी निकाल सांगतो, मग कारणं. मित्राचा टर्बो घेऊ नका. मूळचा टर्बो हाय-फ्लो करून घ्या, बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, एक बारच्या आत ठेवा आणि ४०० हा आकडा तूर्त बाजूला ठेवा. आणि या सगळ्याच्या आधी गिअरबॉक्सची डिपस्टिक बाहेर काढून बघा.

तुम्ही ४०० अश्वशक्ती मागताय आणि तीन हजारांपासून ओढही मागताय. मूळ गिअरबॉक्सवर, अडीच लिटरच्या इंजिनात, या दोन मागण्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. दोन्हींतली एकच मिळणार असेल तर कुठली, हे तुम्ही स्वतःच लिहून टाकलंय: मुलं, सामान, लांबचा प्रवास. ओढ तीन हजारांवर हवी. शिखरावरची अश्वशक्ती साडेसहा हजारांवर भेटते, आणि भरलेली वॅगन चालवताना तिथे आपण महिन्यातून कितीदा जातो? लंकेत सोन्याच्या विटा असल्या म्हणून आपल्या हाती काय!

मित्राच्या गाडीशी तुलना करताना दोन गोष्टी सुटतात. पहिली वजनाची. आर३३ टर्बो स्कायलाइन चौदाशे किलोच्या आतबाहेर असते. तुमची फोर व्हील ड्राइव्ह स्टेजिया सोळाशे ते सतराशेच्या घरात, तीही रिकामी. मागच्या सीटवर मुलं आणि डिकीत बॅगा चढल्या की दोन गाड्यांतला फरक चार-पाचशे किलोंवर जातो. याचा एक परिणाम सगळ्यांना कळतो: गाडी हळू पळते. दुसरा फारसा कुणी सांगत नाही. तेवढ्याच ताकदीवर जड गाडी प्रत्येक गिअरमध्ये जास्त वेळ घालवते. म्हणजे बूस्टखाली जास्त वेळ, इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) तापायला जास्त वेळ, गिअरबॉक्सचं तेल तापायला जास्त वेळ. मित्राच्या गाडीत जे ट्यूनिंग सुखाने चालतं, तेच तुमच्याकडे चढावर नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) करू शकतं.

दुसरी गोष्ट गिअरच्या प्रमाणांची. तुमच्या आरई४आर०१ए गिअरबॉक्समध्ये पहिला २.७८५, दुसरा १.५४५, तिसरा १.०००, चौथा ०.६९४. चारच गिअर, त्यामुळे पायऱ्या उंच. पहिल्यात ६५०० पर्यंत नेऊन दुसरा पडला की सुई ३६०० च्या आसपास उतरते. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली की ४२०० वर. म्हणजे पाय पूर्ण दाबून चालवलं तरी इंजिन ३६०० पर्यंत खाली येणारच, आणि तिथे टर्बो जागा असायला हवा.

पण पूर्ण दाबून आपण किती चालवतो? तुमचा खरा प्रसंग ओव्हरटेकचा, तर तोच मांडून बघू. ताशी ९० चा वेग, चौथा गिअर, कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाचा जोड) लॉक. टायर आणि डिफरेन्शियलप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल, पण इंजिन साधारण २१०० ते २२०० वर फिरत असतं. पुढे ट्रक आहे. तुम्ही पाय दाबता, गिअरबॉक्स तिसरा टाकतो आणि सुई ३००० ते ३१०० वर येते. इथे ओढ मिळाली तर काम झालं. नाही मिळाली तर तुम्ही पाय आणखी दाबणार, गिअरबॉक्स दुसरा टाकणार, सुई एकदम ४७०० च्या वर उडी मारणार, आणि तेवढ्यात मोठा टर्बो अख्खा बूस्ट ओतणार. मागच्या सीटवरून ओरडा येईल आणि ट्रकच्या बाजूला असताना तुम्हाला हव्या त्याहून दुप्पट जोर हातात येईल. याला मी ओढ म्हणत नाही.

निओ इंजिनाचा मूळ टर्बोवरचा कमाल टॉर्क ३२०० आरपीएमच्या आसपासच येतो. निसानने हे उगाच ठरवलेलं नव्हतं. चार गिअरांच्या ऑटोमॅटिकला जिथे टेकायचं असतं, तिथेच त्यांनी जोर ठेवला. तुम्ही टर्बो बदलताना हीच जागा हातची घालवायची नाही, एवढं जपलंत तरी पुरे.

आता थोडी हवेची बेरीज. ती कंटाळवाणी आहे, पण टर्बो निवडायचा खरा मार्ग हाच. अडीच लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. ६००० आरपीएमला, ०.९ बार बूस्टवर, इंटरकूलरनंतरची हवा पन्नास अंशांची धरली, तर मिनिटाला साधारण १४ किलो हवा आत जाते. एक किलो प्रतिमिनिट हवेतून पेट्रोल इंजिनाला ढोबळमानाने २२ अश्वशक्ती मिळते, म्हणजे झाले तीनशेच्या थोडे वर. तेच एक बार बूस्ट आणि ६३०० आरपीएम धरलं, तर १५ किलोंच्या वर, म्हणजे ३३० ते ३४० अश्वशक्ती. ४०० साठी १८ किलो लागतात, आणि त्यासाठी या इंजिनाला १.३ बारच्या आसपास न्यावं लागतं. हे सगळे आकडे क्रँकवरचे, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी मोजलेले, चाकांवरचे नव्हेत. कन्व्हर्टर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल आपापला वाटा घेऊनच पुढे पाठवतात.

आता तेच ३००० आरपीएमला बघा. ०.९ बारला इंजिन मिनिटाला जेमतेम ७ किलो हवा मागतं. जीटी३५८२आरचा कंप्रेसर २५ किलोंच्या पुढे जाणारा. सात किलो म्हणजे त्याच्या नकाशाच्या (हवा आणि दाबाच्या आलेखाच्या) डाव्या कडेला, सर्ज रेषेपाशी, जिथे हवा उलटी फिरू लागते. कंप्रेसरचं सोडा, तेवढ्या कमी धुरावर त्याचं टर्बाइनच फिरायला तयार नसतं. अडीच लिटरवर हा टर्बो पूर्ण बूस्टला येतो तो चार हजारांच्या पुढेच. मित्र क्लच सोडून, आरपीएम हवे तिथे धरून चालवतो, गाडी हलकी आहे, म्हणून त्याला चालतं. टर्बो उत्तम आहे, फक्त तुमच्या गाडीचा नाही.

जीटी३०७६आर मधला. नावातला ७६ म्हणजे कंप्रेसर व्हीलचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मित्राच्या टर्बोत तो ८२. ०.६३ ए/आरच्या टर्बाइन हाउसिंगसह (ए/आर म्हणजे धुराच्या वाटेचं माप, लहान तर बूस्ट लवकर) लावला तर साडेतीन हजारांच्या सुमारास तो कामाला लागतो आणि ४०० सहज देतो. ०.८२ घेतलं तर वरची टोकाची हवा मोकळी सुटते, पण बूस्ट उशिरा येतो. जड ऑटोमॅटिकला ०.६३ बरं. पण मग त्याच्याबरोबर तेलाच्या आणि पाण्याच्या नळ्या, डाउनपाइप, हवा आत घेणारा पाइप, हे सगळं नव्याने बसवावं लागतं, आणि शेवटी मूळ गिअरबॉक्सवर आपण ४०० वापरणारच नसतो.

हाय-फ्लो म्हणजे तुमच्याच टर्बोच्या कवचात मोठं कंप्रेसर व्हील आणि स्टीलचं टर्बाइन व्हील बसवणं. सगळ्या नळ्या, फ्लँज जागच्या जागी बसतात. बूस्ट मूळ टर्बोपेक्षा थोडासा उशिरा, पण तीन हजारांच्या आसपास येतो. आणि तुम्हाला एक फायदा आयता मिळतोय: निओच्या टर्बाइन हाउसिंगवर ओपी६ अशी ओतीव खूण असते. आर३३ वर येणाऱ्या हाउसिंगपेक्षा हे मोठं असतं, त्यामुळे हाय-फ्लोसाठी लोक हे मुद्दाम शोधत फिरतात. तुमचं हाउसिंग दुरुस्तीवाल्याकडे देताना त्यावर खूण करून ठेवा, आणि परत येईल तेव्हा तीच खूण आहे ना हे बघून घ्या. स्वस्तातलं हाउसिंग बदलून आल्याच्या तक्रारी मला नेहमी येतात.

मूळ टर्बोवरच बूस्ट वाढवला तर, असं तुम्ही विचारलं नाही, पण पुढचं पत्र हेच असेल म्हणून आताच सांगतो. या मूळ टर्बोंचं टर्बाइन व्हील सिरॅमिकचं असतं. हलकं, म्हणून चटकन फिरतं. पण उष्णता आणि वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ते शाफ्टवरून निखळतं. ०.८ बारच्या वर त्याला नेऊ नये असा जाणत्यांचा संकेत आहे, आणि पंचवीस वर्षांच्या व्हीलवर तेवढाही भरवसा मी ठेवणार नाही. म्हणून स्टीलचं व्हील. थोडी चपळाई जाते, रात्रीची झोप राहते.

आता ऑटोमॅटिकच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी तिच्या विरोधातच बोलतोय असं वाटेल. मॅन्युअल गाडीत गिअर बदलताना पाय उचलावा लागतो, थ्रॉटल बंद होतो, टर्बो मंदावतो. ऑटोमॅटिकमध्ये पाय तसाच दाबलेला राहतो. गिअर बदलत असतानाही टर्बो फिरतच राहतो आणि पुढच्या गिअरमध्ये बूस्ट जवळजवळ तयारच असतो. शिवाय उभ्या गाडीवरून निघताना कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट करून पुढे देतो. म्हणून जड ऑटोमॅटिकला मधल्या आकाराचा टर्बो कागदावर दिसतो त्याहून बरा चालतो. अडचण फक्त निघताना आणि किकडाउनच्या वेळी, म्हणजे पाय दाबल्यावर खालचा गिअर पडतो तेव्हा. कन्व्हर्टर इंजिनाला ज्या आरपीएमपर्यंत मोकळं फिरू देतो, त्याला स्टॉल स्पीड म्हणतात. तुमचा टर्बो त्या आरपीएमला थोडाफार बूस्ट देत असेल, तर गाडी जागची उचलते. मोठ्या टर्बोवर इंजिन स्टॉलला अडकून बसतं, बूस्ट येत नाही, गाडी रांगते, आणि मग अचानक सुटते.

यावर जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर हा उपाय कुणीतरी सुचवेलच. ड्रॅग स्ट्रिपवर ठीक आहे. रोजच्या वॅगनमध्ये, सामान भरून, घाटात, तो कन्व्हर्टर सारखा घसरत राहतो आणि त्या घसरण्याची सगळी उष्णता तेलात जाते. तुमच्यासाठी नको.

आणि आता गिअरबॉक्स. इथे जरा थांबून वाचा, कारण टर्बोची चर्चा करणारे बहुतेक जण इथपर्यंत येतच नाहीत.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर धरून ठेवण्याचं काम क्लच पॅक करतात, आणि त्यांना दाबून ठेवतं तेलाचं लाइन प्रेशर. हे प्रेशर किती ठेवायचं हे गिअरबॉक्सचा संगणक मुख्यतः थ्रॉटल किती उघडा आहे त्यावरून ठरवतो. पाय कमी दाबलाय, म्हणजे टॉर्क कमी, म्हणजे प्रेशर कमी पुरे, असा त्याचा साधा हिशेब. कारखान्यातून आलेल्या गाडीला हा हिशेब बरोबर लागू पडतो. पण तुम्ही लवकर उठणारा टर्बो लावून बूस्ट वाढवला, की अर्ध्या थ्रॉटललाच इंजिन पूर्वीच्या पूर्ण थ्रॉटलएवढा टॉर्क देऊ लागतं. संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. प्रेशर अर्ध्या थ्रॉटलचं, टॉर्क पूर्ण थ्रॉटलचा, आणि क्लच मधल्यामध्ये घसरतात. तुम्हाला धक्का जाणवत नाही, आवाज येत नाही, गाडी उलट मऊ वाटते. तीच मऊ गाडी आतून जळत असते.

म्हणजे लवकर येणारा टॉर्क तुम्हाला हवा आहे आणि गिअरबॉक्सला तोच सगळ्यात जास्त त्रास देतो. लहान टर्बो घेतला म्हणजे गिअरबॉक्स वाचला असं अजिबात नाही. मोठ्या टर्बोची ४०० अश्वशक्ती सहा हजारांवर मिळते, तिचा टॉर्क त्या मानाने मर्यादित असतो. लहान टर्बोवर ३००० ला एक बार खेचला, तर अश्वशक्ती कमी दिसली तरी गिअरबॉक्सवर भरपूर टॉर्क लवकर येतो. म्हणून टर्बोच्या आकाराइतकंच बूस्ट कसा चढवायचा हे महत्त्वाचं. ट्यूनरला सांगा, बूस्ट इलेक्ट्रॉनिक सोलेनॉइडने चढता ठेव: २८०० ते ३२०० मध्ये ०.७ बारच्या आसपास, चार हजारांनंतर ०.९, आणि साडेपाचच्या पुढे हवं तर एक. टॉर्कची रेषा टेकडीसारखी उभी राहण्याऐवजी सपाट दिसली पाहिजे. तुमची ओव्हरटेकची ओढ मूळ गाडीपेक्षा चांगली भरेल आणि क्लच पॅकना अचानक तडाखा बसणार नाही. अर्ध्या थ्रॉटलवर बूस्ट मूळच्या आकड्याजवळ धरता आला तर उत्तमच.

याच्या जोडीला व्हॉल्व्ह बॉडीचं (गिअरबॉक्समधलं तेल वळवणाऱ्या भागाचं) किट बसवून घ्या. त्याने लाइन प्रेशर वाढतं आणि गिअर कमी वेळात पडतो. गिअर थोडा कडक पडेल. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर गाडी बिघडली म्हणून फोन येईल. आणि गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर, पुढच्या बाजूला, हवेत. मूळचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. इंजिन तापलं की तेलही तापलं. कूलरबरोबर एटीएफच्या, म्हणजे याच तेलाच्या, तापमानाचा गेजही लावा. तेल शंभराच्या आत राहिलं तर निश्चिंत राहा. १२० च्या वर वारंवार जात असेल तर टर्बोचा विचार सोडून आधी तेलाकडे बघा.

पण हे किट, कूलर, सगळं नंतर. आधी डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर, इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण गरम, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतून सावकाश फिरवून पी मध्ये आणा, इंजिन चालू ठेवा. डिपस्टिक कापडाने पुसू नका, धागा सुटला तर व्हॉल्व्हमध्ये अडकतो. धागे न सुटणारा कागद वापरा. परत घालून काढा आणि एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर, पारदर्शक डाग पसरला, वास साधा आला, तर काम पुढे न्या. तपकिरी डाग आणि जळका वास म्हणजे क्लच घसरत आलेत. काळा थेंब, मधोमध चमचमते कण, म्हणजे टर्बोचे पैसे गिअरबॉक्ससाठी राखून ठेवा. जळलेल्या क्लचवर हाय-फ्लो बसवला तर महिनाभराचं सुख आणि मग टोइंग.

तेल चांगलं निघालं तर स्टॉल टेस्ट करा, किंवा करवून घ्या. पार्किंग ब्रेक, पायाचा ब्रेक, गाडीपुढे कुणी नाही, डी मध्ये पूर्ण थ्रॉटल, सुई कुठे थांबते ते बघायचं आणि पाच सेकंदांच्या आत पाय काढायचा. नंतर एन मध्ये मिनिटभर चालू ठेवून थंड होऊ द्यायचं. दुरुस्ती पुस्तिकेतल्या पट्ट्यापेक्षा सुई वर गेली तर आतले क्लच घसरताहेत. खाली राहिली तर इंजिनात दम नाही किंवा कन्व्हर्टरच्या आतला एकमार्गी क्लच गेलाय. रस्त्यावर चालवताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सुईकडे लक्ष ठेवा. ती खाली उतरण्याआधी क्षणभर वर उडते का? उडत असेल तर गिअर स्लिप मारतोय, आणि याच अवस्थेत ताकद वाढवणं म्हणजे हातचं घालवणं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात, कारण तुमचा ट्यूनर त्या सांगेलच. मूळचे ३७० सीसी इंजेक्टर तीनशेच्या आसपास संपतात. ३४० साठी ५५० सीसी घ्या, पुढे वाव राहील. इंधन पंप नवा. एअर फ्लो मीटरची व्होल्टेज पाचला टेकली की त्यापुढची हवा इंजिनाला दिसतच नाही, त्यामुळे तेही तपासा. बाजूला बसवलेला मूळ इंटरकूलर जड गाडीच्या चढावर लवकर हरतो, म्हणून पुढचा मोठा घ्या. पाइप मात्र हवेत तेवढेच जाड ठेवा. लठ्ठ पाइप भरायलाही बूस्ट लागतो, आणि मग आपण लहान टर्बो घेऊन काय मिळवलं! एक्झॉस्ट तीन इंची, बस. इंजिनाचा संगणक बदलणार असाल तर गिअरबॉक्सच्या संगणकाला थ्रॉटल आणि आरपीएमचे संकेत पूर्वीसारखे मिळत राहतील, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. हे राहून गेलं की गिअर कुठेही पडतात आणि सगळे टर्बोला शिव्या घालत बसतात. आणि ब्रेक. सतराशे किलो जितक्या लवकर वेग घेतील, तितक्याच लवकर थांबायला हवेत. पॅड आणि ब्रेक ऑइल याच खर्चात धरा.

मेहुण्यांचं म्हणणं. स्टेजियाला मॅन्युअल बसवता येतो. निसाननेच आरबी२६ इंजिनाची ऑटेक २६०आरएस पाच गिअरांच्या मॅन्युअलमध्ये दिली होती, आणि आरबी२५ लाही मॅन्युअल मिळत होता. पण बदल म्हणजे फक्त गिअरबॉक्स नव्हे: पेडल, हायड्रॉलिक्स, फ्लायव्हील, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, ट्रान्सफर केसची जुळणी, वायरिंग, आणि फोर व्हील ड्राइव्हच्या संगणकाशी मेळ. तेवढ्या खर्चात ऑटोमॅटिक नीट उघडून, चांगल्या क्लचांनी भरून मिळतो. तुम्हाला क्लच दाबायची हौस असेल तर जरूर करा, त्यात वावगं काही नाही. पण "ऑटोमॅटिक टिकत नाही" हे कारण असेल, तर ते कारण खोटं आहे. ऑटोमॅटिक टिकत नाही ती उष्णतेने आणि कमी प्रेशरने, आणि ते दोन्ही तुमच्या हातात आहे.

४०० हवेच असतील, तर क्रम उलटा करा. आधी गिअरबॉक्स बांधून घ्या, मग ०.६३ हाउसिंगचा जीटी३०७६आर. तोवर हाय-फ्लो विकूनही जाईल, त्याला गिऱ्हाईक कायम असतं.

शेवटी ट्यूनिंगच्या दिवसाबद्दल. डायनोवरून, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरून, तुम्हाला एक कागद मिळेल आणि त्यावर सगळ्यात मोठा आकडा ठळक असेल. त्याऐवजी २५०० ते ४५०० चा भाग मोठा करून मागा, टॉर्क आणि बूस्ट एकाच आलेखावर. मग मूळ गाडीचा, म्हणजे काम सुरू होण्याआधी काढलेला, तसाच आलेख त्यावर ठेवा. यासाठी काम सुरू करायच्या आधी एकदा डायनोवर जावं लागेल. तो खर्च टाळू नका. नव्या रेषेने ३००० ला जुन्या रेषेच्या खाली एक बोटभरही जाता कामा नये. गेली असेल तर वेस्टगेटचा (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा) ऍक्च्युएटर, बूस्टची गळती आणि इनटेक कॅमचा व्हेरिएबल सोलेनॉइड (हवेच्या झडपांची वेळ बदलणारा), या क्रमाने बघायला सांगा. हा सोलेनॉइड बंद पडला तरी इंजिन वरच्या आरपीएमला ठणठणीत पळतं, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.